'आता तू सांभाळ!' म्हणणारं यंत्र

मित्रांनो, तुमच्यापैकी जे घाटकोपरला राहतात, त्यांना विमानांचं काय मोठंसं कौतुक? पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि विमानं शक्यतो वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात. त्यामुळे सांताक्रूझच्या धावपट्टीकडे निघालेली विमानं घाटकोपरवरून खाली खाली येत जातात. मेट्रो स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं, तर त्यांची चाकंसुद्धा दिसतात. असं एखादं विमान डोक्यावरून गेलं की मनात एक प्रश्न येतोच. आत्ता ते विमान कोण चालवतंय? माणूस की यंत्र?

उत्तर आहे, दोघंही. आणि त्या दोघांमध्ये सतत बोलणं चालू असतं. यंत्र बोलतं ते दिव्यांच्या आणि आवाजांच्या भाषेत. कधी 'टिंग', कधी 'बीप बीप', कधी लुकलुकणारा लाल दिवा. आज आपण ही भाषा शिकणार आहोत. ती मोठ्या जेट विमानांत असतेच, पण दोन-चार माणसांच्या छोट्या विमानातही असते. छोट्या विमानात तर ती जास्तच महत्त्वाची, कारण तिथे पुष्कळदा वैमानिक एकटाच असतो. त्याला 'अरे, तो दिवा पाहिलास का?' असं विचारायला शेजारी कुणी नसतं.

घाटकोपरची ती दुपार

२८ जून २०१८. पावसाळी हवा होती. जुहूच्या विमानतळावरून 'किंग एअर सी-९०' जातीचं, दोन इंजिनांचं एक छोटं विमान उडालं. त्याचा नोंदणी क्रमांक होता व्हीटी-यूपीझेड. (भारतातल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो, बरं का!) विमान बरेच दिवस दुरुस्तीत होतं आणि हे त्याचं चाचणीचं उड्डाण होतं. विमानात दोन वैमानिक आणि दोन तंत्रज्ञ होते. दुपारी एक वाजून गेल्यावर हे विमान घाटकोपर पश्चिमेला जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीजवळ कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरून जाणारा एक पादचारी असे पाच जण दगावले. जेवणाची सुट्टी झाल्यामुळे बांधकामावरचे बरेच कामगार बाजूला होते, म्हणून आणखी अनर्थ टळला.

आपल्या देशात विमान अपघातांची चौकशी 'विमान अपघात अन्वेषण विभाग' नावाची सरकारी संस्था करते. या अपघाताचीही केली. अशा चौकशीचा हेतू कुणाला शिक्षा करणं हा नसतो. असं पुन्हा घडू नये, हा असतो. आपणही त्याच हेतूने हा विषय घेतला आहे.

चाचणीचं उड्डाण म्हणजे काय, ठाऊक आहे? सायकल दुरुस्तीहून आणली की आपण आधी गल्लीत एक चक्कर मारतो, ब्रेक लागतात का, घंटी वाजते का, ते पाहतो. तसंच हे. दुरुस्तीनंतर विमानाची यंत्रं हवेत कशी वागतात, हे कुणीतरी आधी जाऊन पाहावंच लागतं. इंजिनं, चाकं, ऑटोपायलट आणि धोक्याचे इशारे देणारी यंत्रं नीट आहेत अशी खात्री झाली, की मगच प्रवासी बसतात. प्रवाशांच्या आधी स्वतः जाणारी ही माणसं आपल्याला सहसा दिसत नाहीत, पण आपला प्रवास त्यांच्या भरवशावर असतो.

भोवऱ्याची करामत

ऑटोपायलटचा जन्म कसा झाला, ते आधी पाहू. त्याचा मूळपुरुष म्हणजे आपला भोवरा!

भोवरा नुसता उभा करून पाहा. पडतो. पण जाळीने गरकन फिरवला की तो ताठ उभा राहतो, बोटाने ढकललं तरी सहजासहजी कलंडत नाही. जोरात फिरणारी वस्तू आपली दिशा सोडायला तयार नसते. या तत्त्वावर केलेल्या उपकरणाला जायरोस्कोप म्हणतात. विमान डावीकडे कललं, उजवीकडे कललं, नाक वर झालं, खाली झालं, तरी आतला जायरोस्कोप हटून बसतो. मग जायरोस्कोप आणि विमान यांच्यात किती फरक पडला, हे मोजलं की विमान किती कललं ते कळतं.

अमेरिकेच्या लॉरेन्स स्पेरी या २१ वर्षांच्या तरुणाने १८ जून १९१४ या दिवशी पॅरिसला सीन नदीवर या तत्त्वाचं प्रात्यक्षिक दाखवलं. परीक्षक आणि प्रेक्षक किनाऱ्यावर उभे होते. स्पेरीने विमान त्यांच्यासमोरून नेलं आणि आपले दोन्ही हात वर केले! त्याचा मेकॅनिक तर उडत्या विमानाच्या पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन पडूनही विमान सरळच राहिलं. लोकांनी तोंडात बोटं घातली.

पुढे १९३३ साली वायली पोस्ट या वैमानिकाने एका इंजिनाच्या छोट्या विमानातून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. वेळ लागला ७ दिवस, १८ तास आणि ४९ मिनिटं. एकटा माणूस एवढं उडू शकला, कारण सोबतीला स्पेरींच्या कंपनीचा ऑटोपायलट होता.

आजच्या विमानांत फिरणाऱ्या भोवऱ्याची जागा बऱ्याच ठिकाणी इवल्याशा इलेक्ट्रॉनिक सेन्सरनी घेतली आहे. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही त्यांचीच भावंडं बसलेली असतात.

आज्ञाधारक, पण विचार न करणारा

छोट्या विमानातला ऑटोपायलट मुख्यतः तीन कामं करतो. विमानाचे पंख समपातळीत ठेवणं, सांगितलेल्या दिशेला जाणं आणि सांगितलेली उंची राखणं. काही साध्या विमानांत यातलं पहिलं किंवा पहिली दोनच कामं होतात. वैमानिक बटणं दाबून सांगतो, 'दिशा उत्तर, उंची ५००० फूट.' मग छोट्या विजेच्या मोटारी पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या फळ्या वर-खाली करत राहतात. या मोटारींना सर्व्हो म्हणतात. हे झाले ऑटोपायलटचे हात.

पण लक्षात ठेवा, त्याला हात असले तरी अक्कल नसते. समजा, तुम्ही धाकट्या भावाला सांगितलंत, 'ही बादली हलवू नकोस, धरून उभा राहा.' आणि नळ चालूच राहिला. बादली भरत जाईल, जड होत जाईल, तरी तो बिचारा धरूनच उभा राहील. शेवटी हात सुटेल, तेव्हा सगळं पाणी अंगावर! ऑटोपायलट अगदी तसाच. सांगितलेलं काम तो दम संपेपर्यंत करतो. म्हणूनच त्याला 'माझा हात भरून आलाय' हे सांगण्याची सोय लागते. तेच हे इशारे.

लाल, पिवळा, हिरवा

कॉकपिटमधल्या रंगांचा नियम जगभर जवळजवळ एकच आहे. लाल म्हणजे धोका, ताबडतोब काहीतरी करा. पिवळा म्हणजे सावध, थोड्याच वेळात काहीतरी करावं लागेल. हिरवा किंवा पांढरा म्हणजे नुसती माहिती, सगळं ठीक आहे.

रस्त्यावरच्या सिग्नलशी हे किती जुळतं, नाही का? आपल्या लोकलमध्येही अशीच सोय आहे. मुंबईच्या लोकलना सावधगिरीचा इशारा देणारी एक यंत्रणा बसवलेली आहे. पिवळा सिग्नल आला की मोटरमनच्या केबिनमध्ये इशारा वाजतो. 'मला कळलं' असं त्याने काही सेकंदांत बटण दाबून कळवायचं असतं. नाही कळवलं, तर गाडीचे ब्रेक आपोआप लागतात.

इथेच लोकल आणि विमान यांच्यात मोठा फरक आहे. काही गडबड झाली की लोकल थांबवता येते. विमान हवेत थांबवता येत नाही! म्हणून विमानातलं यंत्र गडबड झाली की काम माणसाच्या हाती देतं आणि म्हणतं, 'आता तू सांभाळ.'

आता एकेक इशारा समजून घेऊ.

पहिला इशारा : मी सुटलो!

ऑटोपायलट बंद झाला की विशिष्ट आवाज होतो आणि पडद्यावरची त्याची अक्षरं लुकलुकायला लागतात. वैमानिकाने स्वतः बटण दाबून तो बंद केला, तरी आवाज होतोच. का बरं? कारण विमान आता कुणाच्या हातात आहे, याबद्दल क्षणभरही शंका राहता कामा नये. कबड्डीत चढाईला कोण जाणार हे ठरलं नाही, तर नुसता गोंधळ होतो. विमानात 'मला वाटलं तू धरलंयस' असं झालं, तर फारच महागात पडतं.

कधी ऑटोपायलट आपणहून सुटतो. वीज गेली, सेन्सर बिघडला, वादळी हवेत विमान फार कललं, तर तो हात वर करतो. अशा वेळी 'का सुटला?' हा प्रश्न दुसरा. पहिलं काम म्हणजे विमान हातात घेणं.

दुसरा इशारा : ट्रिम

हा शब्द तुम्हाला नवा असेल. कावड खांद्यावर घेतलेला माणूस आठवा. दोन्हीकडची वजनं सारखी असली की तो सहज चालतो. एकीकडे वजन वाढलं की त्याला हाताने जोर देऊन तोल सावरावा लागतो. विमानाचंही असंच असतं. इंधन संपत जातं, मागचा प्रवासी पुढे वाकतो, वेग बदलतो आणि विमानाचं नाक जड किंवा हलकं होतं. मग वैमानिक एक छोटं चाक फिरवून शेपटीवरची बारीकशी पट्टी वर-खाली करतो. तोल साधला की हँडलवर जोर द्यावा लागत नाही. याला म्हणतात ट्रिम करणं.

काही छोट्या विमानांत ऑटोपायलटला हे चाक फिरवता येत नाही. तो पडद्यावर वरच्या किंवा खालच्या दिशेचा बाण दाखवतो. म्हणजे 'माझा हात अवघडलाय, चाक या दिशेला फिरव.' वैमानिकाने बाणाकडे लक्ष दिलं नाही, तर सर्व्हो मोटार विमान तसंच दाबून धरते. बाहेरून सगळं छान शांत दिसतं. आणि मग ऑटोपायलट सुटतो! रस्सीखेच चालू असताना समोरच्यांनी एकदम दोर सोडला तर तुमचं काय होतं? तसंच विमानाचं नाक एकदम उसळतं किंवा पडतं. म्हणून शिकवताना सांगतात की ट्रिमचा इशारा आलेला असेल, तर ऑटोपायलट बंद करण्याआधी हँडल घट्ट धरा.

ज्या विमानांत ऑटोपायलट स्वतःच ट्रिम करतो, तिथे आणखी एक गंमत आहे. ऑटोपायलट चालू असतानाच वैमानिकाने हँडल पुढे ढकललं, तर ऑटोपायलटला वाटतं, 'अरेच्चा, नाक जड झालं!' मग तो ट्रिम उलट्या दिशेला फिरवतो. वैमानिक आणखी जोर लावतो, ऑटोपायलट आणखी ट्रिम फिरवतो. दोघांची कुस्ती जुंपते आणि तोल भलतीकडेच जातो. म्हणून नियम असा की ऑटोपायलटशी कुस्ती करायची नाही. पटत नसेल, तर सरळ लाल बटण दाबून त्याला बाजूला करायचं.

तिसरा इशारा : उंची

वैमानिकाने ५००० फूट उंची ठरवली आहे आणि विमान वर चढतंय. छोट्या विमानांतल्या एका प्रचलित यंत्रात ठरलेल्या उंचीला १००० फूट उरले की आवाज होतो, म्हणजे 'आलं हं, तयारीत राहा.' एकदा उंची गाठली आणि नंतर विमान तिच्यापासून २०० फूट ढळलं, की पुन्हा इशारा होतो. २०० फूट म्हणजे साधारण वीस मजली इमारतीएवढी उंची. आकाशात वर-खाली दुसरीही विमानं जात असतात, खाली डोंगर असतात, म्हणून ही काळजी.

चौथा इशारा : स्टॉल

हा सगळ्यांत महत्त्वाचा. गाडीचं इंजिन बंद पडलं की 'गाडी स्टॉल झाली' असं आपण म्हणतो. पण विमानाचा स्टॉल वेगळा. इथे इंजिन छान चालू असतं, मात्र पंख काम करेनासे होतात.

पंखावरून हवा नीट वाहत असली की पंख विमानाला उचलून धरतात. नाक फार वर केलं, तर समोरून येणारी हवा पंखाला फार तिरकी लागते. मग ती पंखाच्या पाठीवरून सुरळीत वाहत नाही, विस्कटते. पंखांचा उचलण्याचा जोर एकदम कमी होतो आणि विमान खाली यायला लागतं. हा झाला स्टॉल. वेग कमी पडला की वैमानिक विमान वर ठेवण्यासाठी नाक उचलत जातो, म्हणून कमी वेगात हा धोका जास्त असतो. शिकण्यासाठी जगभर वापरलं जाणारं सेस्ना १७२ हे विमान सरळ उडताना ताशी सुमारे ९० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं.

त्याआधीच सावध करणारा भोंगा या विमानात असतो. तो कसा चालतो, सांगू? त्याला वीज लागतच नाही! पंखाच्या पुढच्या कडेला एक बारीक फट असते. स्टॉल जवळ आला की त्या फटीपाशी हवेचा दाब कमी होतो, नळीतून हवा ओढली जाते आणि नळीतली पितळी पट्टी थरथरून 'पींSSS' असा आवाज करते. बाजाच्या पेटीत सूर उमटतो, तो अशाच पट्ट्यांतून. विमानातली सगळी वीज गेली, तरी ही पिपाणी वाजणारच.

आता मघाची बादली आठवा. ऑटोपायलटला सांगितलंय, '५००० फूट सोडायचे नाहीत.' आणि काही कारणाने इंजिनाचा जोर कमी झाला. विमान खाली जायला लागतं. ऑटोपायलट काय करतो? उंची राखण्यासाठी नाक थोडं वर करतो. वेग आणखी कमी होतो. तो नाक आणखी वर करतो. वेगाचं काय होतंय याची साध्या ऑटोपायलटला फिकीरच नसते! तो आज्ञा पाळत पाळत विमान स्टॉलच्या दारात नेऊन उभं करतो. तेव्हा पिपाणी वाजते. त्या आवाजाला वैमानिकाने द्यायचं उत्तर ठरलेलं आहे. ऑटोपायलट बंद, नाक खाली, पंख सरळ, इंजिनाला जोर. विमान खाली चाललेलं असताना नाक आणखी खाली करायचं, हे मनाविरुद्ध वाटतं. म्हणूनच विद्यार्थी वैमानिकांकडून सुरक्षित उंचीवर, शिक्षक शेजारी असताना, ते पुन्हा पुन्हा करून घेतात.

वाजलं, पण ऐकलं कुणी?

इशारा वाजला म्हणजे काम झालं, असं नाही. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ एक मोठं प्रवासी विमान उतरायच्या तयारीत होतं. पुढचं चाक बाहेर आल्याचा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान २००० फुटांवर ऑटोपायलटच्या हवाली केलं आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. तेवढ्यात कुणाचा तरी धक्का हँडलला लागला असावा. उंची राखायचं काम सुटलं. विमान हळूहळू खाली येऊ लागलं. ठरलेल्या उंचीपासून २५० फूट ढळताच अर्ध्या सेकंदाची एक 'टिंग' झाली. ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. विमान दलदलीत कोसळलं, १०० हून अधिक माणसं गेली. दोष होता तो एका छोट्याशा दिव्याच्या बल्बमध्ये.

दुसरी गोष्ट १ जून २००९ ची. एअर फ्रान्सचं विमान अटलांटिक महासागरावरून जात असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकला. वेगाचे आकडे चुकू लागताच ऑटोपायलट सुटला. विमान वैमानिकांच्या हाती आलं, पण नाक वर गेलं आणि स्टॉल झाला. स्टॉलचा इशारा एकदा तर सलग ५४ सेकंद वाजत होता. गोंधळात त्याचा अर्थ कुणाला उमगला नाही. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात कोसळलं. त्यातले सर्व २२८ जण गेले.

आणि ही तिसरी गोष्ट छोट्या विमानाची. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा जॉन केनेडी धाकटा आपलं छोटं विमान समुद्रावरून नेत होता. धुरकट हवेत क्षितिज दिसेना. विमान कुठे कललंय हे कळेनासं झालं आणि ते समुद्रात पडलं. त्या विमानात ऑटोपायलट होता.

म्हणजे बघा, यंत्रावर फार विसंबणं वाईट, आणि यंत्राची मदत वेळेवर न घेणंही वाईट. कधी सोपवायचं आणि कधी हातात घ्यायचं, हे कळणं म्हणजेच वैमानिकाचं शिक्षण.

करून पाहा : कान फसवतो!

ढगात किंवा अंधारात वैमानिक का गोंधळतो, हे घरीच अनुभवता येईल. फिरणारी खुर्ची घ्या. ताई-दादा किंवा आई-बाबांपैकी कुणीतरी सोबत हवंच. आजूबाजूचं सामान हलवा. खुर्चीत बसा, डोळे घट्ट मिटा, दोन्ही पाय वर घ्या. सोबत्याला खुर्ची एकाच वेगाने सावकाश फिरवायला सांगा. अर्ध्या मिनिटाने तुम्हाला वाटेल की खुर्ची थांबत आली. मग त्याला खुर्ची हळूच थांबवायला सांगा. आता वाटेल की खुर्ची उलटी फिरतेय! डोळे उघडा. खुर्ची जागच्या जागी असेल.

असं का होतं? आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतलं द्रव हललं की आपण फिरतोय असं मेंदूला कळतं. पण बराच वेळ एकाच वेगाने फिरलं की द्रवही सोबत फिरायला लागतं आणि मेंदू म्हणतो, 'थांबलो वाटतं.' ढगात शिरलेल्या वैमानिकाचं हेच होतं. विमान वळत असतं आणि त्याला वाटतं आपण सरळ चाललोय. म्हणून नियम असा की ढगात कानावर नाही, समोरच्या उपकरणावर विश्वास ठेवायचा.

(खुर्चीतून लगेच उठू नका हं, चक्कर येईल!)

आधी विमान, मग बाकीचं

इशारा कोणताही येवो, वैमानिकांना एक क्रम घोकून घोकून शिकवतात. आधी विमान सांभाळा. मग कुठे जायचं ते पाहा. मग रेडिओवर बोला. घाबरलेला माणूस आधी ओरडतो आणि मग काम करतो. वैमानिकाला याच्या बरोबर उलटं करावं लागतं.

ऑटोपायलट वेड्यासारखा वागू लागला, तर त्याला बाजूला करायचे मार्गही एकाहून अधिक असतात. हँडलवर अंगठ्याजवळ लाल बटण असतं. ते बिघडलं तर ऑटोपायलटचं स्वतःचं बटण. तेही चाललं नाही, तर त्याची वीज तोडणारा छोटा ब्रेकर बाहेर ओढायचा. शिवाय सर्व्होमध्ये अशी सोय असते, की माणसाने जोर लावला तर त्याचा हात यंत्राला भारी पडतो. माणसाचा हात वरचढ असला पाहिजे, हे यंत्र बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलंय.

आणि हे सगळं हवेत गेल्यावर तपासायचं नसतं. उडण्याआधी जमिनीवरच वैमानिक ऑटोपायलट सुरू करतो, हँडल ओढून तो मागे हटतो का पाहतो, लाल बटण दाबून तो सुटतो का पाहतो, आवाज येतो का ऐकतो. हातात यादी असते. हजार वेळा केलेलं काम असलं, तरी यादी वाचूनच करायचं.

आता तर काही छोट्या विमानांत वैमानिक बेशुद्ध पडला, तर प्रवाशाने एक बटण दाबायचं आणि विमान आपणहून जवळच्या विमानतळावर उतरतं, अशी सोय आली आहे. अमेरिकेत २०२० साली तिला पहिल्यांदा मान्यता मिळाली. तरीही वैमानिकाचं शिक्षण कमी झालेलं नाही.

तुम्हालाही उडायचंय?

मग ऐका. भारतातल्या नागरी विमानसेवेचा श्रीगणेशा आपल्या जुहूलाच झाला. तिथलं विमानतळ १९२८ साली सुरू झालं. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं, तेही जुहूलाच. त्यांच्या त्या छोट्या 'पस मॉथ' विमानाला सांभाळायला त्यांचे स्वतःचे डोळे, कान आणि हात होते.

आज महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीला विमान चालवायचं शिक्षण मिळतं. आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी काढता येतो, खासगी परवाना १७ व्या आणि व्यावसायिक परवाना १८ व्या वर्षी. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास उडावं लागतं. तोवर गणित आणि विज्ञान पक्कं करा!

आणि ज्यांना उडायचं नाही, त्यांनाही या विषयातून एक गोष्ट घेता येईल. आपल्या आजूबाजूला किती इशारे वाजत असतात! आई सांगून जाते, 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर,' आणि आपण टीव्हीसमोर बसून पाच शिट्ट्या होऊ देतो. रिक्षाच्या मीटरशेजारी लाल दिवा लागलेला असतो, फाटकाची घंटा वाजत असते, गॅसचा वास येत असतो. रोज तेच ऐकून कान सरावतात आणि ऐकू येईनासं होतं. पालकांनाही एक विनंती. घरातला गॅस, विजेचा मुख्य स्विच आणि पाण्याचा पंप कसा बंद करायचा, हे या रविवारी मुलांना एकदा दाखवून ठेवा. विद्यार्थी वैमानिकालाही सगळ्यांत आधी लाल बटण कुठे आहे तेच दाखवतात.

सांगा पाहू!

१. ऑटोपायलट सुटल्याचा आवाज आला. वैमानिकाने सर्वांत आधी काय करावं? (अ) रेडिओवर कळवावं (आ) विमान हातात घ्यावं (इ) ऑटोपायलट पुन्हा सुरू करावा

२. सेस्ना १७२ ची सगळी वीज गेली. स्टॉलचा भोंगा वाजेल का?

३. ऑटोपायलट चालू असताना विमानाची दिशा पटली नाही. जोर लावून हँडल फिरवावं का?

४. विमान स्टॉल झालं. नाक वर करावं की खाली?

उत्तरं : १. (आ). २. वाजेल, तो हवेवर चालतो. ३. नाही, आधी लाल बटण दाबावं. ४. खाली.